शेवट चांगला की वाईट? – गुण-दोष विवेचनाचा एक पाठ



मागच्या सत्रात नववीच्या वर्गात एक भांडण झाले. बालवाडीपासून एकाच बाकावर बसणारे दोन मित्र वेगवेगळ्या बाकांवर जाऊन बसले आणि तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. वर्गशिक्षिका बाईंनी चौकशी केली तेव्हा कळले, की भांडण पैशांवरून नव्हते, क्रिकेटवरूनही नव्हते. ते बॅटमनच्या एका चित्रपटावरून होते. एकाचे म्हणणे, तिसऱ्या भागाने सगळी मालिका बिघडवली. दुसऱ्याचे म्हणणे, ज्याला तिसरा भाग आवडला नाही त्याला सिनेमातले काही कळतच नाही. दोघांनाही आमच्या कार्यालयात आणण्यात आले.

आम्ही तेव्हा काय केले ते प्रांजळपणे सांगतो. "मारधाडीच्या सिनेमावरून कसले भांडता? अभ्यासाला लागा," असे म्हणून आम्ही दोघांना परत पाठवले. दारातून बाहेर पडताना त्यांच्यापैकी एकाने वळून अगदी साधेपणाने विचारले, "सर, तुम्ही पाहिला आहे का?"

आम्ही पाहिला नव्हता.

हा प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही, याला एक जुने कारण आहे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असे – अमुक कादंबरीच्या गुण-दोषांचे विवेचन करा. आम्ही बाजारातली कुंजी पाठ करून चार गुण आणि तीन दोष लिहीत असू आणि गुणही बरे मिळत. त्यातल्या एका कादंबरीचा शेवट आम्ही प्रत्यक्षात वाचला तो नोकरीला लागल्यावर. तेव्हा लक्षात आले, की परीक्षेत लिहिलेल्या उत्तरात आमचे स्वतःचे असे एकही मत नव्हते. आता आमच्यासमोर उभ्या असलेल्या दोन मुलांनी कलाकृती अखेरपर्यंत पाहिली होती, तिच्यावर मते बनवली होती, आणि आम्ही त्यांना अभ्यास करायला सांगत होतो!

मग आम्ही तीन रविवारी तीनही चित्रपट पाहिले आणि त्यानंतर नववी-दहावीच्या मुलांबरोबर दोन तासिका याच विषयावर घेतल्या. प्रस्तुत लेख हा त्या तासिकांचा सारांश आहे. ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी आधी पाहावा, कारण पुढे त्याचा शेवट सांगितला आहे.

विषयाची ओळख

बॅटमन हे पात्र 1939 साली अमेरिकेतील 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या नियतकालिकाच्या 27व्या अंकात प्रथम अवतरले. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे निर्माते. आई-वडिलांचा खून डोळ्यांसमोर पाहिलेला ब्रूस वेन हा श्रीमंत मुलगा मोठेपणी वटवाघळाचा वेष घेऊन गॉथम या काल्पनिक शहरातील गुन्हेगारीशी लढतो, हे मूळ कथासूत्र.

दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी या पात्रावर तीन चित्रपट केले – 'बॅटमन बिगिन्स' (2005), 'द डार्क नाइट' (2008) आणि 'द डार्क नाइट राइजेस' (2012). तिन्हींत ब्रूसची भूमिका ख्रिश्चन बेल यांनी, तर त्याचा म्हातारा कारभारी आल्फ्रेड याची भूमिका मायकेल केन यांनी केली आहे. दुसऱ्या भागात जोकर साकारणारे हीथ लेजर यांचे चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच जानेवारी 2008 मध्ये निधन झाले आणि 2009 साली त्यांना मरणोत्तर ऑस्कर मिळाले.

दुसऱ्या भागाच्या अखेरीस हार्वे डेंट नावाचा लोकप्रिय सरकारी वकील सूडाने वेडा होऊन खून करतो आणि मरतो. लोकांचा धीर खचू नये म्हणून बॅटमन आणि पोलीस अधिकारी गॉर्डन हे सत्य लपवतात आणि बॅटमन त्या खुनांचा दोष स्वतःवर घेतो. तिसरा भाग यानंतर आठ वर्षांनी सुरू होतो. बेन नावाचा मुखवटाधारी बलदंड माणूस बॅटमनची पाठ मोडून त्याला दूर देशातील खोल विहिरीसारख्या तुरुंगात टाकतो, गॉथमवर ताबा मिळवतो आणि लपवलेले सत्य लोकांसमोर उघड करतो. ब्रूस त्या विहिरीतून चढून बाहेर येतो, शहर वाचवतो आणि अणुबॉम्ब घेऊन समुद्रावर उडून जातो. विहिरीबाहेरच्या दृश्यात मागे जो किल्ला दिसतो तो आपल्या शेजारच्या राजस्थानातील, जोधपूरचा मेहरानगड आहे. हे चित्रीकरण तेथे 2011 साली झाले होते.

वाद, जल्प आणि वितंडा

मुलांनी बोलायला सुरुवात करण्यापूर्वी आम्ही फळ्यावर तीन शब्द लिहिले. गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे हे तीन प्रकार सांगितले आहेत. दोन्ही पक्ष प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे सत्य शोधतात तो वाद. फक्त जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही बोलणे हा जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे नुसते खोडून काढणे ही वितंडा. 'वितंडवाद' हा आपला रोजचा शब्द तिथूनच आला. आपल्या परंपरेत आणखी एक शिस्त होती. आधी विरोधकाचे म्हणणे नीट मांडायचे, त्याला पूर्वपक्ष म्हणत. मग त्याला उत्तर द्यायचे, तो उत्तरपक्ष. शेवटी निर्णय.

म्हणून नियम असा केला, की ज्याला चित्रपट आवडला त्याने दोष सांगायचे आणि ज्याला आवडला नाही त्याने गुण सांगायचे. "हो, मला हेच म्हणायचे होते," असे समोरच्याने कबूल केल्याशिवाय पुढे जायचे नाही. त्या दोन मित्रांना पहिल्यांदा हे जमले नाही. एकाने दुसऱ्याचे म्हणणे अशा थाटात सांगितले, की सगळा वर्ग हसला. आम्ही त्याला पुन्हा सांगायला लावले. तिसऱ्या खेपेस जमले.

पूर्वपक्ष : दोष

आक्षेप भराभर येऊ लागले. मुख्य आक्षेप असे:

1. दुसऱ्या भागाच्या शेवटी बॅटमन पोलिसांचा पाठलाग पत्करून लढत राहील असे वाटते. तिसऱ्यात मात्र कळते, की त्याने आठ वर्षे काम सोडले आहे.

2. शेअर बाजारावरील हल्ल्यानंतर पाठलाग सुरू होतो तेव्हा दिवस असतो, आणि काही मिनिटांतच गुडूप रात्र होते.

3. हल्लेखोरांनी बाजारात घुसून केलेल्या व्यवहारांमुळे ब्रूस कंगाल होतो. हे व्यवहार खोटे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असताना ते रद्द का होत नाहीत?

4. विहिरीतून सुटलेला, खिशात पैसा नसलेला ब्रूस सर्व बाजूंनी बंद असलेल्या गॉथममध्ये पोचला कसा?

5. मोडलेली पाठ एका गुद्द्याने आणि दोरीला टांगून ठेवल्याने बरी होते, हे पटत नाही.

6. सगळा कट मिरांडा टेट या स्त्रीचा होता आणि तिचे खरे नाव तालिया, हे अखेरीस उघड होते. त्यामुळे इतका वेळ भयंकर वाटणारा बेन एकदम तिचा अंगरक्षक ठरतो आणि लगेच मारलाही जातो.

7. बेनचे बोलणे मुखवट्यामुळे नीट समजत नाही. हा आक्षेप तर चित्रपट येण्यापूर्वीचा आहे. डिसेंबर 2011 मध्ये सुरुवातीचा भाग काही आयमॅक्स चित्रपटगृहांत दाखवला गेला, तेव्हाच प्रेक्षकांनी ही तक्रार केली होती.

8. जोकरसारखा खलनायक यात नाही.

आक्षेपांची वर्गवारी

इथे आम्ही फळ्यावर चार रकाने आखले आणि प्रत्येक आक्षेप कोणत्या रकान्यात जातो ते मुलांनाच ठरवायला सांगितले. आमच्या मते या पाठातला सर्वांत उपयोगी भाग हाच.

पहिला रकाना – उघड चूक. दिवसाची रात्र होणे यात बसले. कोणी कितीही मोठा चाहता असला तरी घड्याळ बदलता येत नाही. मोडलेल्या पाठीचा इलाजही थोड्या चर्चेनंतर याच रकान्यात गेला, कारण याच चित्रपटात आधी ब्रूस काठी टेकत चालतो. गुडघा अधू दाखवताना जी बारकाई पाळली, ती पाठीच्या वेळी पाळली नाही.

दुसरा रकाना – न दाखवलेली गोष्ट. गॉथममध्ये परतण्याचा प्रवास यात गेला. दाखवले नाही म्हणजे अशक्य आहे असे नव्हे. पहिल्या भागात हाच ब्रूस ओळख लपवून, पैशांशिवाय जगभर फिरलेला आहे. लेखक काही जागा रिकाम्या सोडतो आणि वाचक त्या भरतो. जागा फार मोठी सोडली का, एवढाच प्रश्न उरतो.

तिसरा रकाना – ज्याचे उत्तर कलाकृतीतच आहे. शेअर बाजाराचा आक्षेप इथे गेला. ब्रूसचा सहकारी लुशियस फॉक्स त्याला स्पष्ट सांगतो, की फसवणूक पुढेमागे सिद्ध करता येईल, पण आज तरी हातात काही नाही. आक्षेप घेणाऱ्या मुलाने तो संवाद पुन्हा ऐकला आणि स्वतःच आपला आक्षेप पुसला. त्याने तो स्वतः उठून पुसला, याचे आम्हाला फार कौतुक वाटले.

चौथा रकाना – अपेक्षा आणि आवड. जोकर नाही ही तक्रार यात आली. चित्रपटात जे नाही त्यावरून तो वाईट ठरत नाही. बेनचा आवाज आवडणे न आवडणे हेही इथेच. अर्थात आवड सांगायला कोणाची बंदी नाही, फक्त ती आवड म्हणून सांगावी.

आठ वर्षांचा आक्षेप कुठे टाकावा यावर मतभेद झाला. आमचे स्वतःचे मत होते, की ही उघड विसंगती आहे. तेव्हा दहावीतील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तो दमून घरी बसला नाही. खोट्याच्या आधारावर शहर सुधारले, आणि त्या शहरात त्याचे काही कामच उरले नाही. तो शिक्षा भोगत बसला आहे." तिचे म्हणणे आम्हाला पटले. डेंटच्या नावाने केलेल्या कायद्यामुळे गुन्हेगार तुरुंगात आहेत, शहर शांत आहे, आणि ते खोटे सांभाळणारे दोन माणूस, ब्रूस आणि गॉर्डन, आतून खचले आहेत. चित्रपटाचा पाया हाच आहे. आम्ही तो आक्षेप तिसऱ्या रकान्यात हलवला.

उत्तरपक्ष : गुण

आता गुणांकडे वळू. "लय भारी" एवढे म्हणून चालणार नाही, गुणालाही पुरावा हवा, असे आम्ही सांगितले.

पहिला गुण, आरंभाशी जुळणारा शेवट. 'बॅटमन बिगिन्स'मध्ये लहान ब्रूस एका विहिरीत पडतो आणि वडील त्याला वर काढतात. तिसऱ्या भागात तो पुन्हा एका विहिरीत आहे आणि या वेळी काढणारे कोणी नाही. पहिल्या भागात तो भीतीवर मात करायला शिकला. तिसऱ्यात तुरुंगातला एक म्हातारा कैदी त्याला सांगतो, की मरणाची भीती नसणे हाच तुझा कमकुवतपणा आहे. कमरेला दोरी बांधून उडी मारली तर माणूस पूर्ण ताकद लावत नाही. दोरी सोडून उडी मारल्यावरच ब्रूस वर पोचतो. म्हणजे पहिल्या भागातला धडा तिसऱ्याने पुसला नाही, तो पुढे नेला.

दुसरा गुण, खोट्याची किंमत दाखवली. दुसऱ्या भागाच्या अखेरीस प्रेक्षक त्या असत्याला टाळ्या वाजवतो. तिसरा भाग त्या टाळ्यांचा हिशोब मागतो. तरुण पोलीस ब्लेक गॉर्डनला तोंडावर जाब विचारतो, आणि गॉर्डनपाशी स्वच्छ उत्तर नाही.

तिसरा गुण, छोट्या कृतीला दिलेले मोल. अखेरीस गॉर्डन विचारतो, की तू कोण आहेस ते तरी सांग. बॅटमन नाव सांगत नाही. तो फक्त आठवण देतो, की आई-वडील गेलेल्या एका लहान मुलाच्या खांद्यावर कोट टाकणारा माणूसही नायकच असतो. तो कोट गॉर्डनने सात वर्षांपूर्वीच्या पहिल्या चित्रपटात टाकला होता.

चौथा गुण, शेवट करण्याचे धाडस. 1939 पासून चालत आलेल्या पात्राच्या गोष्टी संपत नाहीत, कारण पुढचा अंक काढायचा असतो. नोलन यांनी आपल्या ब्रूसला निवृत्त होऊ दिले आणि काम ब्लेककडे सोपवले. चार्ल्स डिकन्स यांच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' (1859) या कादंबरीचा या कथेवर प्रभाव आहे, आणि ब्रूसच्या अंत्यविधीच्या वेळी गॉर्डन तिच्याच अखेरच्या ओळी वाचतो.

शेवटचा प्रसंग : पुरावा कसा मोजावा

सर्वांत जास्त वाद शेवटच्या दृश्यावर झाला. इटलीत फ्लॉरेन्सच्या एका कॅफेत आल्फ्रेडला ब्रूस आणि सेलिना समोर बसलेले दिसतात. ब्रूस खरोखर जिवंत आहे, की आल्फ्रेडला ते भासते आहे?

भास मानणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. आल्फ्रेडने आधी आपली इच्छा सांगितली होती ती नेमकी याच दृश्याची, आणि स्फोटाला काही सेकंद उरले असताना ब्रूस विमानातच दिसतो. जिवंत मानणाऱ्यांनी तीन पुरावे दिले. विमानाचे स्वयंचलित यंत्र ब्रूसनेच सहा महिन्यांपूर्वी दुरुस्त केले होते असे फॉक्सला कळते, आणि ते नादुरुस्त असल्याचा उल्लेख आधी आलेला आहे. ब्रूसच्या आईची मोत्यांची माळ घरातल्या वस्तूंच्या यादीतून गायब आहे. आणि पोलीस ठाण्याच्या गच्चीवरचा मोडलेला बॅटमनचा दिवा कोणीतरी दुरुस्त केला आहे. आल्फ्रेडला यातले काहीच ठाऊक नसताना हे पुरावे त्याच्या कल्पनेत कसे येतील?

वर्गाचा कौल जिवंत असण्याकडे झुकला. आम्हालाही तेच पटते. पण भास मानणाऱ्यांमुळेच ते तीन पुरावे शोधावे लागले, हे विसरू नये.

पैसा, पुरस्कार आणि धमक्या

एका मुलाने विचारले, की चित्रपटाने किती कमावले यावरून निकाल का लावू नये? दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही भागांनी जगभरात प्रत्येकी 100 कोटी डॉलरपेक्षा जास्त कमाई केली. दुसऱ्या भागाला ऑस्करची आठ नामांकने मिळाली, तिसऱ्याला एकही नाही. म्हणजे पैसा पाहावा तर दोन्ही बरोबरीचे, आणि पुरस्कार पाहावेत तर फार अंतर. त्यांच्या भरवशावर बसलो तर आपण चित्रपट पाहिला काय आणि न पाहिला काय, सारखेच.

एक खेदाची गोष्टही मुलांना सांगितली. जुलै 2012 मध्ये हा चित्रपट सर्वत्र प्रदर्शित होण्याआधीच काही समीक्षकांनी प्रतिकूल मत लिहिले, तेव्हा चाहत्यांनी त्यांना शिव्या दिल्या, जिवे मारण्याच्या धमक्याही दिल्या. त्यांतील बहुतेकांनी चित्रपट पाहिलेला असणे शक्यच नव्हते. हे सांगताना आम्हाला आमचेच वाक्य आठवले – "मारधाडीच्या सिनेमावरून कसले भांडता?" आम्ही धमकी दिली नव्हती एवढेच, न पाहता निकाल मात्र दिला होता. त्या दोन मुलांची आम्ही वर्गासमोर क्षमा मागितली.

याच चाहत्यांबद्दल दुसरी बाजूही आहे. विहिरीच्या प्रसंगात कैद्यांचा जो घोष ऐकू येतो, त्यासाठी संगीतकार हान्स झिमर यांनी जगभरातील चाहत्यांकडून आवाज मागवले होते. हजारो लोकांनी आपला आवाज पाठवला. आवडत्या गोष्टीसाठी आवाज वापरण्याची हीही एक रीत आहे.

आमचा निर्णय

आमच्या मते हा चित्रपट दुसऱ्या भागाइतका बांधेसूद नाही. पावणेतीन तासांत फार गोष्टी कोंबल्या आहेत. तालियाचे रहस्य उशिरा येते आणि बेनचा घात करते. पण त्रयीचा शेवट म्हणून त्याने मुख्य काम केले आहे. पहिल्या चित्रपटात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले. हे मत तुम्ही मान्य करावे असे नाही. चुकीचे वाटल्यास पुराव्यासह लिहून द्यावे.

ते दोघे मित्र अजूनही सहमत नाहीत. एकाच्या मते चित्रपट फसलेलाच आहे. दुसऱ्याच्या वहीत मात्र आता त्याने स्वतः शोधलेले दोन दोष आहेत. बाक पुन्हा एक झाले आहे.

पालकांना विनंती, की मुले अशा विषयावर तावातावाने बोलू लागली तर त्यांना गप्प करू नये, "हे तुला कुठल्या प्रसंगावरून वाटते?" एवढे विचारावे. चित्रपटात हिंसा आहे, अमेरिकेत त्याला 13 वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र होते, म्हणून लहान वर्गांतील मुलांना तो दाखवू नये. मोठ्यांबरोबर मात्र शक्य असल्यास स्वतः बसून पाहावा.

स्वाध्याय

1. तुम्हाला अतिशय आवडलेल्या पुस्तकाचे किंवा चित्रपटाचे तीन दोष लिहा. प्रत्येक दोष कोणत्या रकान्यात जातो ते सांगा.

2. तुम्हाला न आवडलेल्या कलाकृतीचे दोन गुण प्रसंगासह लिहा.

3. घरातील एखाद्या मोठ्या माणसाला विचारा, की कोणत्या नाटकाचा किंवा कादंबरीचा शेवट त्यांना पटला नाही. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून आणा, आणि "हो, मला हेच म्हणायचे होते," असे म्हटल्याची त्यांची सही घ्या.

उत्तरे मराठी विभागाकडे द्यावीत. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू. कुंजीतून उतरवलेली उत्तरे आम्हाला लगेच ओळखू येतात, याची कृपया नोंद घ्यावी. त्या विद्येत आम्ही स्वतः पारंगत होतो.